देवापुढचे पाणी

सोमवार, १४ एप्रिल

आज आलेले: तांदूळ पाच किलो, ६०. साखर दोन किलो, २४. चहा पाव किलो, १८. साबणाच्या सहा वड्या, १५. सातवी मागून पाहिली, दिली नाही. सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्या, ९. धाकटीने आणल्या म्हणून कमीत आल्या. वाती, २. फुले, शून्य.

शेवटचा आकडा लिहिताना बरे वाटले. फुलवालीने भाव वाढवला आणि माल मात्र कालचाच देते, म्हणून आता फुले मी स्वतःच आणते. गिरणीच्या पडीक गोदामामागे एक भिंत आहे, तिथे ऊन कधी पोचत नाही. त्या ओलाव्यात ही फुले दाट उगवली आहेत. खाली दोन रुंद पाने, मधून एक बारीक दांडी, आणि दांडीला ओळीने उलट्या टांगलेल्या पांढऱ्या इवल्या घंटा. वास असा की चार दांड्या ठेवल्या तरी खोली भरते. नाव कोणालाच ठाऊक नाही. मी घंटाफुले म्हणते. देवाला घंटा लागतेच, त्याने आपली आपणच उगवून घेतली.

नवी वही आहे, तेव्हा घरातली माणसे आधी मांडते. हे, गिरणीत हिशेबनीस. सासूबाई, पुढच्या खोलीत, पलंगावर. धाकटे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, ट्रक चालवतात आणि महिन्यातले चार दिवस घरी असतात. त्यांची बायको म्हणजे धाकटी, ती मला ताई म्हणते. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, सासूबाईंच्या गोळ्या तिच्याकडे. तिची मुलगी छोटी, सहा वर्षांची. मला मूल नाही. छोटी मला काकू म्हणते आणि निम्मा दिवस माझ्या पदराला असते.

रात्री चहा घेताना धाकटी ह्यांना म्हणाली, "ताईंच्या घरात पत्तीसुद्धा निवृत्त होत नाही, पेन्शनीवर काम करते." सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "ही वर गेली की दारवानाकडे सुटे पैसे परत मागेल." सगळे हसले. मीही हसले. हसायला पैसे पडत नाहीत.

गुरुवार, १७ एप्रिल

सासूबाईंना पलंगापासून कोनाड्यापर्यंत यायला दम लागतो. छातीत पाखरू फडफडते म्हणतात. आज कोनाड्याकडे बघत म्हणाल्या, "साठ वर्षं त्याच्यापुढे उभी राहिले गं. आता त्याला म्हणावं, तू ये चार पावलं."

ते मनाला लागले. देवाला कसे आणणार? मग सुचले. नळाला पाणी एक दिवसाआड येते, म्हणून देवापुढच्या तांब्यातले पाणी मी मोरीत कधी ओतत नाही. दोन दिवस फुले त्यात राहिली की ते कुंडीला घालते. देवापुढे दोन दिवस राहिलेले पाणी, आणि पितात कोण तर कुंडीतली रोपे. माणसाने काय पाप केले?

ते फडक्याने गाळले, उकळून निम्मे केले, निववून पेलाभर सासूबाईंना दिले. फुलांचा वास उतरला होता. म्हणाल्या, जरा कडसर आहे. चमचाभर मध घातला. हात जोडून प्यायल्या.

धाकटीला सांगितले नाही. तिच्या जिभेला हाड नाही, देवाचीही थट्टा करते.

सोमवार, २१ एप्रिल

गुण आला. सासूबाई म्हणतात, पाखरू बसले. हात धरून पाहिला तर नाडी शांत, एकेक ठोका सावकाश, देवळातल्या घंटेसारखा. चार वर्षे गोळ्या घेतल्या, त्यांनी जे झाले नाही ते ह्या चार दिवसांत झाले. असे लिहिणे बरे नव्हे, डॉक्टरचा अपमान नको. पण लिहिले.

आता सकाळ-संध्याकाळ पेला देते. त्यासाठी फुलेही जास्त लागतात. आज दांड्या मुळापासून, पानांसकट आणल्या. पाने तरी वाया का घालवा, तांब्यात हिरवी शोभतात.

शुक्रवार, २५ एप्रिल

सासूबाईंना अन्नावर वासना नाही. दोनदा उलटी झाली. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, उष्म्याने पोट बिघडले आहे, पातळ द्या. फी १०.

पातळ म्हणजे दूध, पेज, आणि माझा पेला. दुसरे काही पोटात ठरत नाही. पेला मात्र नाही म्हणत नाहीत.

धाकटीने आज तोंड सोडले. तिला आईंना मोठ्या इस्पितळात न्यायचे आहे. मी म्हटले, डॉक्टर आत्ताच येऊन गेले, दोन डॉक्टरांना पैसे कशाला? तिथून गाडी घसरली ती खोलीवर. छोटी तिच्या खोलीत जमिनीवर झोपते, पुढची खोली मोठी आहे, हे तिचे जुने रडगाणे. रागात मोठ्याने म्हणाली, "ती खोली काय मी मेल्यावर मोकळी होणार आहे?" शेजारचे खिडकीत आले. मला लाज वाटली.

रविवार, २७ एप्रिल

आज जे पाहिले ते नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी दिवा लावला. सासूबाई पडल्या पडल्या बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "थोरले, दिव्याला कडं आलंय बघ. पिवळं. मोत्यासारखं हलतंय." मी पाहिले, मला फक्त ज्योत दिसली. मग म्हणाल्या, भिंतही पिवळी झाली, तुझा पदरही. चेहऱ्यावर भीती नव्हती.

साठ वर्षांची सेवा, शेवटी दर्शन झाले. मी त्यांचे पाय धरले. मला का दिसले नाही, हाही प्रश्न मनात आला. हिशेब लिहिणाऱ्या बाईला तेज दिसत नसावे.

धाकटीला हे कळले तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि उद्या आईंना नेणार म्हणजे नेणार असे सांगून टाकले.

बुधवार, ३० एप्रिल

सासूबाई काल दुपारी गेल्या. इस्पितळात नेले होते. नाडी मोजणाऱ्या नर्सने दोनदा मोजली आणि धावत बाहेर गेली. रक्त काढले, छातीला तारा लावल्या. ठोके एकमेकांपासून लांब लांब होत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून नाव घेत होते. तांब्यातले पाणी बरोबर न्यायचे राहिले, ह्याची हळहळ वाटली.

शुक्रवार, २ मे

वाटले होते, आता सगळे आटोपले, पण तसे नाही. फौजदार आले होते.

इस्पितळाने रक्त तपासले. सासूबाईंच्या गोळीचेच औषध त्यात फार जास्त निघाले, एकाच्या जागी कितीतरी पट. त्यांना रोज अर्धी गोळी असे. धाकटी पात्याने चिरून द्यायची. म्हणून इस्पितळाने पोलिसांना कळवले, आणि सासूबाईंना अग्नी देण्याआधी चिरफाड झाली. त्यांचे पोट, काळीज, मूत्रपिंड असे वेगवेगळ्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात घालून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. मला ऐकवेना. त्या बाईने आयुष्यभर आपले कापलेले केससुद्धा कोणाला बघू दिले नाहीत.

फौजदारांनी विचारले, गोळ्या कोण देत असे? मी सांगितले, धाकटी. कुठून येत? तिच्या दुकानातून. घरात भांडण? मी चहा टाकायला उठले. मग ते म्हणाले, शेजाऱ्यांनी सांगितलेच आहे, तुम्ही फक्त खरे-खोटे करा. मी खरे केले. खोलीचे ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. खोटे बोलायचे नाही हे लहानपणापासून हाडात आहे. खरे बोलून माणसाला हलके वाटायला हवे. वाटले नाही.

घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी माझी डोकेदुखीचीसुद्धा, पिशवीत घालून, लाखेने बंद करून नेल्या.

सोमवार, ५ मे

आज प्रयोगशाळेच्या बाई आल्या. विषे तपासण्याचे काम करतात. एरवी त्या कुठे जात नाहीत, बरण्याच त्यांच्याकडे येतात. पण ह्या बरण्यांत काहीतरी बसत नाही म्हणाल्या, म्हणून घर पाहायला आल्या. सोबत फौजदार. त्यांनी पीठ, मीठ, साखर, चहा, मध, सगळ्याचा चिमूट-चिमूट नमुना लहान बाटल्यांत भरला आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. मी छोटीला हळूच म्हटले, ह्या बरणीवाल्या बाई. त्यांनी ऐकले. म्हणाल्या, नाव चांगलं आहे, आमच्याकडे यापेक्षा वाईट ठेवतात.

चहा केला. एक घोट घेऊन त्यांनी विचारले, पत्ती दुसऱ्यांदा उकळलेली आहे का? ह्यांनी मान खाली घातली. धाकटी हसली. सासूबाई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि फौजदारांनी ते हसणेही टिपून घेतले असावे.

बाईंनी मला समोर बसवले. म्हणाल्या, "शेवटच्या दहा-बारा दिवसांत त्यांच्या खाण्यापिण्यात काय काय होतं ते सगळं सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा."

मी सगळे सांगितले. दूध कोणाकडचे, पेज किती, पाव कोणत्या भट्टीचा, मध कुठला. पाणी? नळाचे, उकळून. एकही गोष्ट वगळली नाही. हिशेबाची सवय आहे, सांगताना बोटे मोडत होते. बाई म्हणाल्या, असा साक्षीदार नशिबाने मिळतो.

उठताना त्या कोनाड्यापाशी थांबल्या. सासूबाई गेल्यापासून मला फुले आणायचे सुचलेच नव्हते. तांब्या उपडा होता, फक्त दिवा. इथे काय असते, त्यांनी विचारले. मी म्हटले, "तिथे देव असतो." त्यांच्या पायात बूट होते, त्या मागे सरल्या.

जाताना मी विचारले, रक्तात गोळी निघाली, मग अजून काय शोधता? त्या म्हणाल्या, "इस्पितळातली चाचणी म्हणजे दारावरचा रखवालदार. तो डगला बघून नाव सांगतो. तसाच डगला घालून दुसरा कोणी आला तरी त्याला तोच वाटतो. चेहरा बघायचं काम आमचं."

बरणीवाल्या असल्या तरी बोलायला चांगल्या आहेत. धाकटीने ते बोलणे दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. मला वाटले, घाबरली.

शनिवार, १० मे

काल सकाळी धाकटीला नेले. भाऊजींना आई गेल्याचा निरोप वाटेत उशिरा पोचला, दोन दिवसांपासून घरी आहेत; ते दारात आडवे उभे राहिले. फौजदारांनी त्यांना नुसते बाजूला केले. दुकानाच्या मालकाने म्हणे सांगितले की त्या गोळ्यांच्या दोन पट्ट्यांचा मेळ लागत नाही. त्याच्या दुकानात कशाचा लागतो?

धाकटीने छोटीची वेणी घातली, मग चपला घातल्या. मला म्हणाली, "ताई, हिला उपाशी झोपवू नका. हट्ट केला तरी दूध पिते." मी हो म्हटले. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सगळ्यांनी विचारलं, तू केलंस का म्हणून. तुम्ही नाही विचारलंत."

देवासमोर बसले, पण नाव घ्यायच्या जागी तेच वाक्य येत होते. मी का विचारले नाही? कारण मनातल्या मनात मी उत्तर लिहून मोकळी झाले होते. माणूस उधळ्या असला, देवाला हसत असला, म्हणजे सासूला मारतो काय? पण मग दुसरे कोण? सासूबाईंच्या तोंडाशी हात जात ते दोघींचेच. एक तिचा आणि एक माझा.

मंगळवार, १३ मे

छोटी नीट जेवत नाही. रात्री दचकून उठते, आई कुठे विचारते. मी सांगते, कामाला. ती म्हणते, एवढे काम कोणालाच नसते.

गोदामामागे पुन्हा गेले. फुले संपत आली आहेत, पण मिळाली. कोनाडा पुन्हा भरल्यासारखा दिसला. देवाला म्हटले, माझ्या मनात आले ते खोटे असेल तर तसे दाखव.

गुरुवार, १५ मे

फौजदार आले होते. प्रयोगशाळेचे पत्र आले आहे. ते वाचून दाखवताना त्यांचा चेहरा आंबट झाला होता. सासूबाईंच्या बरण्यांत गोळीचे औषध आहे, पण अर्ध्या गोळीपुरतेच, रोजचे. बाकीचे दुसरे काहीतरी आहे. गोळीच्या नात्यातले, वनस्पतीतले असावे. डगला तोच, चेहरा निराळा. पण बाईंपाशी असलेल्या कोणत्याच नमुन्याशी तो जुळत नाही. चेहरा ओळखायला तो आधी कुठेतरी पाहिलेला असावा लागतो, असे त्यांनीच लिहिले आहे. जोवर तो झाडपाला हाती येत नाही, तोवर नाव सांगता येणार नाही.

मी विचारले, मग धाकटी सुटली ना? फौजदार म्हणाले, "कशी सुटेल? औषधाच्या दुकानातली बाई. गोळीऐवजी पाला दिला एवढंच."

घरात विषारी झाड आहे का, हेही विचारले. मी त्यांना चारही कुंड्या दाखवल्या. सगळी खायची रोपे. पाने तोडून नेली. रोपे मात्र उगाच बोडकी केली.

शनिवार, १७ मे

कालपासून छोटीला पेला देते. सासूबाईंचा जीव त्याने निवत होता, हिचाही निवेल. तिला वास आवडतो; जास्त मध मागते. दिला. तिच्याबाबतीत मी मोजत नाही.

काल रात्री शांत झोपली.

सोमवार, १९ मे

इस्पितळातल्या बाकावर लिहिते आहे. वही पिशवीत होती.

काल दुपारपासून छोटीला उलट्या. मला वाटले, मध जास्त झाला. आज सकाळी उठवले तर मान टाकली. भाऊजींनी तिला उचलले आणि पळत सुटले, मी मागे. तीच नर्स. तिने नाडी धरली, माझ्याकडे बघितले आणि डॉक्टरांकडे धावली.

रक्ताची तपासणी आली. दारावरच्या रखवालदाराने तेच नाव सांगितले: सासूबाईंची गोळी. आणि घरातली एकूणएक गोळी दोन तारखेपासून लाखेच्या पिशवीत पोलिसांकडे आहे. धाकटी दहा दिवस कोठडीत आहे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली, ठोके सावरता येतील असे वाटते. असे वाटते म्हणाले, सावरतील म्हणाले नाहीत.

फौजदार येऊन गेले. त्यांचे आपले ठरलेले आहे. धाकटीने घरात कुठेतरी लपवलेला साठा पोरीला सापडला, तिने गोड समजून खाल्ला. आता घर पुन्हा उलटेपालटे करणार. भाऊजी त्यांच्या अंगावर गेले, ह्यांनी धरले.

मंगळवार, २० मे

छोटी शुद्धीवर आहे. नाडी अजून हळू, पण डॉक्टरांचा चेहरा कालच्यापेक्षा सैल.

दुपारी मी उशाशी होते. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "काकू, दिव्याला पिवळी बांगडी कोणी घातली?"

मी विचारले, कसली बांगडी? म्हणाली, गोल, पिवळी, हलते. आणि डॉक्टरकाकांचा डगलासुद्धा पिवळा.

डॉक्टर तिथेच होते. सहज म्हणाले, ह्या विषात असे दिसते, डोळ्यांवर परिणाम होतो, उतरेल.

मग मी काय काय केले ते मला नीट आठवत नाही. बाहेरच्या नळावर तोंड धुतले. सासूबाईंना दिसले ते तेज म्हणून मी त्यांचे पाय धरले होते. सहा वर्षांच्या पोरीला, उलट्या करताना, कसले तेज?

दोघींनी काय एक घेतले? दूध आम्ही सगळेच पितो. पाव, पेज, मध, सगळ्यांचे एकच. बरणीवाल्या बाईंना सांगितलेली ती यादी मी बाकावर बसून पुन्हा मोजली. यादी पुरी होती. एवढेच की मी खाणे सांगितले आणि पिणे सांगितले. देवाचे मी खाण्यापिण्यात कधी धरलेच नाही. कोणी विचारते का, तुम्ही प्रार्थना किती खाल्ली?

बुधवार, २१ मे

ह्यांना सांगितले. मोरीच्या दाराशी उभे राहून सांगितले, कारण तांब्या तिथेच फळीवर झाकून ठेवला होता. रविवारी छोटीसाठी भरलेला. त्यात पाणी आहे, खाली दांड्या आणि पाने. उलट्यांच्या गडबडीत ओतायचा राहिला. एरवी माझ्या घरात भांडे तीन दिवस असे राहत नाही.

ह्यांनी आधी दार लोटून घेतले. मग हळू म्हणाले, "ओतून टाक. तांब्या घास. तू मुद्दाम केलं नाहीस, हे देवाला माहीत आहे."

मी म्हटले, देवाला माहीत होतेच. पहिल्या पेल्यापासून माहीत होते.

"आणि धाकटी?"

म्हणाले, तिच्यावर सिद्ध होणार नाही, वकील करू, चार-सहा महिन्यांत सुटेल. आईच्या बाबतीत आता काही परत येणार नाही. तुला नेलं तर छोटीला कोण बघेल, मला कोण बघेल? बोलता बोलता त्यांनी तांब्या उचलला. पंचवीस वर्षांत ह्यांनी कधी भांडे घासलेले मला आठवत नाही. मी त्यांच्या हातून काढून घेतला. ते रागावले नाहीत. नुसते खाली बसले आणि आईसाठी प्रथमच रडले.

ते बाहेर गेल्यावर मनात आले, एक घोट घेऊन पाहावा. खरे-खोटे इथेच कळेल, कोणाला त्रास नाही. पेल्यात ओतलेही. मग वाटले, बाईंना तपासायला कमी पडले तर? परत तांब्यात घातले.

कोनाड्यात दिवा लावला. फुलाविना. काय बोलावे सुचेना, तर म्हटले, मी तुझ्याकडे खरे दाखव म्हणून मागितले होते. दाखवलेस. पण छोटीच का लागली तुला, सांगायला?

गुरुवार, २२ मे

आज सकाळी तांब्या पदराखाली झाकून चौकीवर नेला. फौजदारांना आधी खरे वाटेना. म्हणाले, जावेला वाचवायला बनाव करता. मी म्हटले, बनाव असेल तर तुमच्या बाई सांगतील, पण तपासायला पाठवा. मग त्यांना घेऊन गोदामामागे गेले. फुले गळून गेली होती, नुसती पाने, आणि एका दांडीला शेवटची दोन सुकलेली. ती मुळासकट उपटून त्यांनी कागदात बांधली. पाणी मोठ्या बाटलीत ओतले. दोन परके साक्षीदार रस्त्यावरून बोलावले, एक चांभार आणि एक बस चुकलेला मास्तर. त्यांच्यासमोर लाख वितळवून बाटलीच्या तोंडावर शिक्का मारला. चिठ्ठीवर लिहितात, नमुना कोणी दिला. तिथे माझी सही घेतली. माझी सही चांगली आहे, मॅट्रिकला अक्षराचे बक्षीस होते.

मला आज ठेवून घेतले नाही. म्हणाले, गावाबाहेर जायचे नाही. मी कुठे जाणार?

घरी येऊन बाईंना पत्र लिहिले. त्याची नक्कल इथे ठेवते.

"प्रयोगशाळेतल्या बाईंना,

तुम्ही मला सगळे विचारले होते आणि मी सगळे सांगितले अशी माझी समजूत होती. एक राहिले. फौजदारांकडून एक बाटली आणि एक पुडके आजच तुमच्याकडे निघाले आहे. बाटलीतले पाणी मी सासूबाईंना सतरा एप्रिलपासून सकाळी, मग दोन्ही वेळा, पेलाभर देत होते. उकळून निम्मे करून, मध घालून. छोटीला पाच पेले दिले. फुले गोदामामागच्या भिंतीची. मला नाव माहीत नाही, मी घंटाफुले म्हणते. धाकटीला ह्यातले काही ठाऊक नव्हते. ती थट्टा करेल म्हणून मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने थट्टा केली असती आणि सासूबाई आज असत्या.

तुम्ही फौजदारांना लिहिले होते, चेहरा ओळखायला आधी पाहिलेला असावा लागतो. आता तो पाठवला आहे. जुळतो का पाहा. पाण्यात काही नाही असे निघाले तर मी तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी. पण निघेल. दोघींनी दिव्याला पिवळे कडे पाहिले, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

इस्पितळातून छोटी दोन दिवसांत घरी येईल. तिला पुढच्या खोलीत, पलंगावर झोपवणार आहे. तिची आई तोवर यावी अशी माझी इच्छा आहे. आल्यावर तिला विचारायचे एक माझ्याकडे राहून गेले आहे. आता विचारण्यात अर्थ नाही, पण तिच्यासमोर उभे तरी राहायचे आहे, मला नेण्याआधी. तिची सुटका आणि माझी अटक एकाच दिवशी आली तर ते जमणार नाही.

सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा ठेवला आहे. चेहरा जुळला की नाही, एवढी एक ओळ पुरे. कृपा करून उलट टपाली कळवावे."